१२ एप्रिल

आज सकाळी मोबाईलवर सहज दिनविशेष उघडला आणि अख्खा दिवस त्यातच गेला. १२ एप्रिल म्हटलं की सगळ्यांना अवकाशात गेलेला पहिला माणूस, गागारिन आठवतो, १९६१, १०८ मिनिटांत पृथ्वीला एक फेरी मारून हा माणूस पॅराशूटने थेट शेतात उतरला आणि नारिंगी सूट, पांढरं हेल्मेट असा अवतार बघून समोरची आजी आणि तिची नात घाबरल्याच!

पण मला आज सगळ्यात जास्त भिडलं ते वेगळंच. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट १९४५ ला याच तारखेला गेले. ३९ व्या वर्षी पोलिओचं निदान झालं, पायातली ताकद गेली ती कायमचीच, तरी माणूस चार वेळा निवडून आला. आणि त्यांनी १९३८ ला जी संस्था काढली तिच्याच पैशातून साल्क या डॉक्टरांची पोलिओवरची लस तयार झाली आणि बरोबर १० वर्षांनी, १९५५ च्या १२ एप्रिललाच, मिशिगन विद्यापीठात जाहीर झालं की लस सुरक्षित आहे, काम करते. चाचणीत जवळजवळ १८ लाख मुलं होती, बऱ्याच ठिकाणी तर आपल्या पोराला खरी लस मिळाली की नुसतंच खोटं इंजेक्शन हे आईबापांना माहीतच नव्हतं, तरी त्यांनी पोरं पाठवली. मला त्या आईबापांबद्दल फार आदर वाटतो, त्यांचं नाव कुठल्याच दिनविशेषात येत नाही.

१९८१ ला अमेरिकेचं कोलंबिया हे अवकाशयानही आजच उडालं, पण ते ठरलं होतं १० तारखेला, कॉम्प्युटरच्या गडबडीमुळे दोन दिवस लांबलं.