अंध मुलामुलींना शरीराची ओळख कोण करून देणार?

डोळस मुलांना लैंगिकतेविषयी बरेच काही कोणी मुद्दाम न शिकवताच कळत जाते. जाहिराती, चित्रपट, पाठ्यपुस्तकातील आकृत्या यांतून बरे-वाईट काहीतरी कानांवर आणि नजरेस पडतच असते. जन्मतः अंध असलेल्या मुलाला मात्र दुसऱ्याचे शरीर कसे असते हे कोणी सांगितल्याखेरीज कळत नाही आणि ज्या स्पर्शाने तो एरवी जग जाणून घेतो, तो येथे वर्ज्य असतो, आणि तसा असणे योग्यच आहे. म्हणून हाताळता येतील अशा शरीररचनेच्या प्रतिकृतींचा मी इतका आग्रह धरते.

मी अंध किशोरवयीन मुलामुलींना शिकवते. गर्भाशयाची प्रतिकृती प्रथमच हाती घेतलेली मुलगी बहुधा विचारते, "एवढंसंच असतं?" धडा तिला तोंडपाठ असतो, पण साधारण सात-आठ सेंटीमीटर लांबीचा हा अवयव तिने पोटभर पसरलेला कल्पिलेला असतो. मग तिची बोटे बीजवाहिनीचा माग काढत बीजकोशापर्यंत जातात आणि पाठ केलेल्या वाक्यांना प्रथमच आकार येतो. पॅडची चिकट बाजू, त्याची पुढची-मागची कड हेदेखील असेच कोरे पॅड हाती देऊन शिकवावे लागते.

दिसत नाही म्हणजे दिसण्याची चिंताही नसेल, हा समज मला फार घातक वाटतो. "जाड झालीस", "चेहरा पुरळांनी भरलाय" असे शेरे या मुलांनाही ऐकावे लागतात आणि त्यांची शहानिशा आरशात करण्याची सोय नसल्याने ते खोलवर रुततात.

संमतीचा धडा तर रस्ता ओलांडण्यापासूनच सुरू व्हायला हवा. मदतीच्या नावाखाली न विचारता दंड धरणाऱ्या अनोळखी हातांची ज्याला सवय लावली गेली आहे, त्याला नकोसा स्पर्श ठामपणे नाकारणे एकाएकी कसे जमणार?

लैंगिक आणि प्रजनन आरोग्याच्या सेवा इतरांइतक्याच दर्जाच्या असाव्यात, हे अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या 2006 च्या संयुक्त राष्ट्रांच्या कराराने मान्य केले आहे. तरीही गर्भधारणेची घरगुती चाचणी सहसा रेषा पाहूनच वाचावी लागते, म्हणजे अंध स्त्रीच्या आयुष्यातील ही बातमी तिच्याआधी दुसऱ्या कोणाला तरी कळते. निकाल उंचवट्यांच्या रूपात हाताला कळेल अशा चाचणीचा नमुना ब्रिटनमधील आरएनआयबी या अंधांसाठी काम करणाऱ्या संस्थेने 2020 मध्ये मांडला. अशी चाचणी कोणत्याही औषधाच्या दुकानात सहज मिळायला हवी.