सुट्टीच्या आठवड्यातली थंडी

नाताळ ते न्यू इयरच्या आठवड्यात सगळे फोनमधल्या वेदर अ‍ॅपला चिकटून असतात, आणि बघतात काय तर फक्त तो एक मोठा आकडा. अहो तो दुपारचा! निघणार पहाटे, तर किमान तापमान बघा ना, ते साधारण सूर्य उगवताना असतं. त्यातही रात्री आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असेल तर जमिनीची उष्णता सरळ वर निघून जाते आणि पारा धाडकन खाली, ढग असले की गोधडी पांघरल्यासारखं. आणि हो, तापमान मोजतात जमिनीपासून दीडेक मीटर वर, आणि अशा रात्री खाली जमिनीलगत त्याहून गार असतं, म्हणून अ‍ॅपवर २ डिग्री दिसत असतानाही सकाळी गाडीच्या काचेवर पांढरा थर खरवडत बसावं लागतं.

वाऱ्याचं तर विचारूच नका, उणे १० ला ताशी ३० किमीचा वारा असला की उघड्या चेहऱ्याला उणे २० सारखं झोंबतं.

बाकी दहा दिवसांनंतरचा अंदाज मी तरी सीरियसली घेत नाही, निघायच्या आदल्या रात्री परत चेक करायचं, बस.