लेकीच्या मापाची बॅट

क्रिकेटची बॅट अंगाच्या मापानं घ्यायची असते, ही गोष्ट आपल्याकडं अजून फार घरांत पोचलेली नाही. बुटांचा नंबर आपण विचारतो, हेल्मेट डोक्यावर घालून बघतो. बॅट मात्र घरात पडलेली असेल ती चालते. लेदर बॉलवर सराव करणाऱ्या पोरांच्या हातातही मोठ्या भावाची नाहीतर काकाची बॅट दिसते, आणि फटका सरळ जात नाही म्हणून बोल त्या पोरांनाच बसतात. लेकीसाठी बॅट घेताना मला जे कळलं, ते म्हणूनच सविस्तर लिहिते आहे.

२ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत आपल्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला. त्या संघाची उपकर्णधार स्मृती मानधना आमच्या सांगलीत वाढलेली. त्या रात्रीच माझ्या बारा वर्षांच्या मुलीनं ठरवलं, आता गल्लीतलं टेनिस बॉलचं क्रिकेट पुरे. मी तिला कोचिंगला घातलं. बॅट म्हणून चुलतभावाची जुनी दिली गेली, फुल साइजची. आठवडाभरातच सरांनी मला नेटच्या मागं उभं केलं आणि म्हणाले, "ताई, ही उभी राहिली की दांड्याचं टोक कुठं अडतंय बघा."

बघितलं, तर दांडा थेट पोटात रुतत होता. तो चुकवायला तिनं हात चार बोटं खाली घेतले होते, त्यामुळं दांड्याचं टोक ग्लोव्हजच्या वर उघडं दिसत होतं. बॅट जड, म्हणून वरचा हात नुसता नावाला आणि सगळी ताकद खालच्या हाताची. सरळ बॉलसुद्धा ती आडवी ओढत होती. मधल्या स्टंपवरचा बॉल सारखा लेगला का जातो, ते मला तिथं उभ्या उभ्या कळलं. "हिला शिकवायचं ते मी शिकवीन," सर म्हणाले, "पण आधी हिच्या मापाची बॅट आणा."

सांगलीच्या विश्रामबागेत माझं शिवणकाम आहे, तेव्हा माप घेणं हा माझा रोजचाच धंदा. शाळेचा गणवेश शिवताना मी दोन इंच दाब सोडते, पोरगं वाढलं की उसवून लांबी सोडायची. घरात सगळ्यांचा आग्रह बॅटच्या बाबतीतही हाच होता. सासरे म्हणाले, "वाढत्या मापाची घे की, दोन वर्षं तर चालंल." पण बॅटला दाब नसतो. आज दोन इंच मोठी असेल तर आजच्या प्रत्येक फटक्यात ती दोन इंच आडवीच येणार. शिवाय हात, खांदे, मान यांना या वयात जी सवय लागते, ती पुढं सोडवता सोडवत नाही.

सासऱ्यांनी मग स्मृतीचाच दाखला काढला. २०१३ साली १९ वर्षांखालच्या स्पर्धेत महाराष्ट्राकडून गुजरातविरुद्ध तिनं नाबाद २२४ केल्या, त्या राहुल द्रविडच्या बॅटनं. गोष्ट खरी आहे, तिनं स्वतः ती सांगितली आहे. भावानं द्रविडकडून आणलेली ती बॅट शोकेसमध्येच राहायची, पण हातात घेतल्यावर तिचा बॅलन्स इतका छान लागला की तिनं ती खेळायला काढली. मी सासऱ्यांना एवढंच म्हणाले, की तेव्हा ती सतरा वर्षांची होती, अंगात ताकद आलेली, आणि तिनंही ती निवडली बॅलन्स बघूनच. आमची अजून सातवीत आहे.

नंबर कसे असतात ते सरांकडून समजून घेतलं. पोरांच्या बॅटी एक ते सहा नंबरच्या, त्यावर हॅरो, मग मोठ्यांची शॉर्ट हँडल आणि लाँग हँडल. उंची चार फूट नऊ ते अकरा इंच असली तर पाच नंबर. चार फूट अकरापासून पाच फूट दोन-तीनपर्यंत सहा नंबर. तिथून पाच फूट सहापर्यंत हॅरो. त्यापुढं शॉर्ट हँडल, आणि सहा फूट दोनच्या वर लाँग हँडल. शॉर्ट आणि लाँगमध्ये पातं साधारण सारखंच असतं, फरक दांड्याचा. कंपनीगणिक या आकड्यांत इंचभर इकडंतिकडं होतं, म्हणून तक्ता ही फक्त सुरुवात धरायची. आणखी एक, रविवारी हौसेनं खेळणाऱ्या मोठ्या माणसांनाही हे लागू आहे. पाच फूट चार-पाच उंचीच्या माणसानं हॅरो हातात घेऊन बघावी. 'पोरांची बॅट' म्हणून लाजायचं काही कारण नाही.

लेकीची उंची बूट घालूनच मोजली, कारण खेळायचं बूट घालून. चार फूट दहा. म्हणजे पाच नंबर.

बाजारात गेल्यावर खरी अडचण पुढं आली. दुकानांत ढीग सगळा टेनिस बॉलच्या बॅटींचा. जाड कडांच्या, मागून कोरलेल्या, दिसायला दांडग्या. लेदर बॉलला त्या घ्यायच्या नाहीत, फुटतात. पाच नंबरच्या लेदरच्या बॅटी एका दुकानात मोजून तीन-चार निघाल्या. त्यातल्या एकीवर स्टिकर पाचचं, पण माझ्या टेपनं ती तेहतीस इंच भरली, म्हणजे जवळजवळ सहा नंबर. तेव्हा स्टिकरवर जाऊ नका, टेप न्या. पाच नंबर साधारण बत्तीस इंचांच्या आसपास असते.

सरांनी सांगितलेल्या तपासण्या दुकानातच केल्या. पहिली, सरळ उभं राहून बॅटचं खालचं टोक पावलाशेजारी टेकवायचं आणि बॅट मांडीला लावायची. दांड्याचं टोक जांघेशी, पाय कमरेत मुडपतो त्या घडीपर्यंत यायला हवं. दुसरी, फक्त वरच्या हातानं बॅट धरून सरळ ड्राइव्हची हालचाल हळू करायची. उजव्या हाताच्या बॅट्समनचा वरचा हात म्हणजे डावा. मनगट थरथरलं, पातं वाकडं झालं, तर ती जड. तिसरी, स्टान्स घेऊन, म्हणजे बॉल खेळायला उभं राहून, समोरून फोटो काढायचा. बॅट आखूड असेल तर अंग खाली झुकतं, डोकं ऑफ साइडला कलतं आणि डोळे एका रेषेत राहत नाहीत. लांब असेल तर कोपर बाहेर फेकलं जातं. फोटोत हे लख्ख दिसतं. डोळ्यांनी घाईत सुटून जातं.

वजनाचं मात्र जास्त सांगायला हवं, कारण इथं सगळे चकतात. मोठ्यांची बॅट साधारण १,१०० ते १,२५० ग्रॅमची, पाच नंबर हजाराच्या आतबाहेर. शेजारच्या किराणा दुकानाच्या काट्यावर मी दोन बॅटी ठेवल्या, दोन्हींत जेमतेम दहा ग्रॅमचा फरक. लेकीच्या हातात दिल्या तर एकीला म्हणाली, "आई, ही केवढी जड आहे!" काट्यावरची नव्हे, उचलायला जड. त्या बॅटीच्या पाठीवरचा फुगवटा पार खाली, टोकाशी होता. दुसरीचा मध्यावर. सांगलीत आम्ही बऱ्याचदा मॅटिंगवर, म्हणजे अंथरलेल्या चटईच्या खेळपट्टीवर खेळतो, बॉल उसळतो, तेव्हा मध्यावर किंवा जरा वर फुगवटा असलेली बॅट बरी. बॉल खाली राहणाऱ्या विकेटवर खालच्या फुगवट्याचा उपयोग होतो. दुकानदारानं जादाची ग्रिप चढवून देतो म्हटलं, मी नको म्हणाले. ग्रिप पन्नासेक ग्रॅमची असते आणि दांडा जाड झाला की लहान मूठ पुरी बसत नाही.

विलो म्हणजे बॅटीचं लाकूड. काश्मीर विलो की इंग्लिश, हा पुढचा प्रश्न. काश्मीर विलो दीड-दोन हजारांत मिळत होती, पण लाकूड घट्ट, त्यामुळं त्याच मापात वजनाला जास्त. तिथल्या दोन्ही काश्मीर बॅटी वरच्या हाताच्या तपासणीत नापास झाल्या. इंग्लिश विलोमध्ये दुकानदारानं आधी सरळ रेषांची, पांढरीशुभ्र दाखवली, किंमत ऐकून मी ती परत ठेवली. मग त्यानं आतून एक काढली, पात्याच्या एका कडेला तपकिरी पट्टा आणि खाली बारीक गाठ. हा पट्टा म्हणजे झाडाच्या गाभ्याचं लाकूड. त्यानं रूप जातं, खेळ जात नाही, आणि किंमत मात्र चांगलीच उतरते. दिवाळीच्या शिलाईचे पैसे हातात होते, पाच हजारांच्या आत ती घेतली. बॅट लवकरच लहान पडणार हे ठाऊक असताना रूपाला पैसे मोजणं मला पटत नाही. वजनाला मोजणं पटतं.

घरी आणून लगेच खेळायला द्यायची नसते. जवसाचं कच्चं तेल लाकडी घाण्यावरून आणलं. रंगाच्या दुकानात मिळतं ते बहुधा उकळलेलं असतं, ते नको. चमचाभर तेल फडक्यावर घेऊन पात्याला, कडांना आणि टोकाला चोळलं. दांडा पात्यात बसवलेला असतो त्या सांध्याला लावायचं नाही, सांधा सैल होतो. बॅट आडवी ठेवून रात्रभर मुरू दिली, पुन्हा एक हात दिला. मग लाकडी हातोडीनं ठोकणं. हे काम सासऱ्यांनी मागून घेतलं. अंगणात बसून रोज संध्याकाळी टक् टक्. आधी हलकं, मग जोरात, आणि कडा तिरक्या ठोक्यांनी गोल करत. टोकाच्या तळावर ठोकायचं नाही. नंतर जुन्या बॉलवर हलके थ्रोडाऊन, म्हणजे जवळून हातानं टाकलेले बॉल खेळणं, मगच नेट. आमच्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात बॅट पत्र्याच्या खोलीत किंवा गाडीच्या डिकीत ठेवायची नाही, लाकूड सुकून तडकतं.

नव्या बॅटनं पहिल्या नेटमध्ये चमत्कार झाला नाही. पण वरचा हात कामाला लागला, डोकं सरळ राहिलं आणि महिन्याच्या आत मधल्या स्टंपवरचा बॉल मिडऑनला, म्हणजे समोर बॉलरच्या बाजूला जायला लागला. दाराच्या चौकटीवर मी चार फूट अकराची खूण केली आहे. ती ओलांडली की पुन्हा टेप, पुन्हा दुकान.

कोचिंगमधल्या एका धाकट्या मुलीच्या आईनं ही बॅट आत्ताच मागून ठेवली आहे. मी तिच्या मुलीची उंची मोजली, चार फूट सात भरली. "तुमचा हक्क राहिला," मी त्यांना सांगितलं, "पण सध्या हिला चार नंबर घ्या. रविवारी येते मी दुकानात तुमच्याबरोबर."