‘सेटल्ड’ म्हणजे फिटलं नव्हे

रविवार, १५ जून २०२५. रात्रीचे साडेदहा.

दुपारी पुण्यात अप्पा बळवंत चौकातून चालत गेलो. उद्या शाळा सुरू होताहेत, त्यामुळे दुकानांपुढे पाय ठेवायला जागा नव्हती. वह्यांचे गठ्ठे, तपकिरी कव्हरांचे रोल, हातात यादी धरून ताटकळलेले आईबाप. कोऱ्या कागदाचा वास आला की माझ्या पोटात अजून कालवतं. याच गर्दीच्या मागच्या गल्लीत माझं छपाईचं ऑफसेट मशीन चालायचं.

काकांकडे हप्ता द्यायला गेलो होतो. काका म्हणजे आमचे कागदवाले. छापखाना बंद पडला तेव्हा त्यांचे दोन लाख चाळीस हजार माझ्याकडे अडकले होते. चेक नाही, करार नाही. कागदाची रिमं उचलून नेली की त्यांच्या लाल वहीत एक ओळ पडायची, एवढाच व्यवहार. जानेवारी २०२२ पासून महिन्याला पाच हजार देतोय. आज ४२वा हप्ता. काकांनी चष्मा कपाळावर सरकवला, नोटा मोजल्या, वही उघडली आणि ‘बाकी ३५,०००’वर पट्टी ठेवून सरळ रेघ मारली. खाली लिहिलं, ३०,०००. मग म्हणाले, “चहा घेऊन जा रे.” तीन वर्षं हाच शब्द, कमी नाही, जास्त नाही. पहिल्या महिन्यात त्या चहाचा घोट माझ्या घशाखाली उतरला नव्हता.

मार्च २०२० मध्ये लग्नसराईच्या पत्रिका छापून, दुमडून, लिफाफ्यांत भरून तयार होत्या. लग्नंच झाली नाहीत, तर पत्रिका नेणार कोण? ऑगस्टपर्यंत बँकेच्या हप्त्यांना सवलत मिळाली. हप्ते थांबले, व्याज थांबलं नाही. मशीनचं कर्ज, सीसी (धंद्याच्या रोजच्या खर्चासाठीचं बँकेचं कॅश क्रेडिट), आणि कामगारांचे पगार द्यायला वापरलेलं क्रेडिट कार्ड. ते कार्ड ही माझी चूक. पुढच्या वर्षी कोरोनाची दुसरी लाट आली आणि ऑगस्टमध्ये मशीन विकलं.

शिवाजीनगर कोर्टात एका वकिलांना भेटलो होतो. दिवाळखोरीचा अर्ज करून एकदाच मोकळं व्हावं असं वाटत होतं. त्यांनी समजावलं की २०१६ च्या कायद्यातला व्यक्तींसाठीचा भाग आतापर्यंत फक्त कंपन्यांना जामीन राहिलेल्यांपुरता लागू झालाय. माझ्यासारख्या एकट्या मालकाला १९२० चा जुना कायदा आणि जिल्हा न्यायालय. “त्यापेक्षा एकेका बँकेशी बोला,” म्हणाले. तसंच केलं. दिवाळं निघालं ते निघालंच, त्याला कोर्टाचा शिक्का तेवढा नाही.

मशीनचं कर्ज आणि सीसी मशीनच्या पैशांत आणि हिच्या दागिन्यांत पूर्ण फिटलं. कार्डाचे एक लाख शहाऐंशी हजार होते, ते २०२२ मध्ये पंच्याण्णव हजारांवर तडजोडीत मिटले. मी सुटलो असं समजून त्या रात्री पहिल्यांदा शांत झोपलो.

वर्षभराने सिबिलचा, म्हणजे माझ्या कर्जफेडीच्या नोंदींचा, अहवाल काढला. ३०० ते ९०० च्या पट्टीवर माझा आकडा ५४८. कार्डापुढे ‘सेटल्ड’. ‘क्लोज्ड’ नव्हे. म्हणजे यांनी पूर्ण दिले नाहीत, आम्ही नाइलाजाने सोडून दिलं. खाली महिन्यामहिन्याचे थकीत दिवस, छत्तीस महिने मागेपर्यंत. आणि फिटलेलं मशीनचं कर्ज अजून थकीतच दिसत होतं! शाखेत तोंडी सांगून दोन महिने घालवले, हातात पोच नाही. शेवटी ऑनलाइन तक्रार केली, काही येणं बाकी नाही असं बँकेचं नो ड्यूजचं पत्र जोडलं, तेव्हा सव्वीस दिवसांत दुरुस्त झालं. आता नियमच आहे की तीस दिवसांत निकाली निघालं नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हाय मार्क, अशा नोंदी ठेवणाऱ्या या चारही कंपन्यांकडून वर्षाला एक पूर्ण अहवाल फुकट मिळतो. माझ्यासारखं कुणी हे वाचत असेल, तर आधी तो काढा. “पंधरा हजार द्या, सिबिल साफ करून देतो” म्हणणारा मलाही भेटला होता. खरी नोंद कुणालाही पुसता येत नाही. चुकीची असेल तर ती दुरुस्त करून घ्यायला एक पैसा लागत नाही.

आता दुसऱ्याच्या छापखान्यात सुपरवायझर आहे. तीस हजारांची मुदत ठेव ठेवून तिच्यावर सत्तावीस हजार मर्यादेचं कार्ड घेतलं. त्यावर फक्त पेट्रोल आणि विजेचं बिल, सहा हजारांच्या वर कधीच जाऊ देत नाही. बिल आलं त्याच दिवशी पूर्ण भरतो. ‘किमान रक्कम’ या शब्दाकडे बघतही नाही. आकडा आज ६८९ आहे.

पण मुलगी बारावीत गेलीय. पुढच्या वर्षी इंजिनिअरिंगला शैक्षणिक कर्ज लागेल. साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही, तरी सहकर्जदार म्हणून बाप लागतो आणि बापाचा अहवाल बघतात. कार्डाचे सोडलेले एक्याण्णव हजार भरले तर नोंद ‘क्लोज्ड’ करून देऊ, असं बँकेतल्या अधिकाऱ्याने सांगितलंय.

जेवताना ही म्हणाली, “काकांचे हप्ते सहा महिने थांबवू या का? ते पैसे कार्डाला लावू. काका समजून घेतील, कॉम्प्युटर नाही घेणार.”

तिचं चुकलं नाही. हिशेब तसाच सांगतो. पण माझा घास हातात राहिला. समजून घेतात म्हणून त्यांनाच थांबवायचं? २०२१ मध्ये मी हेच केलं होतं. जो फोनवर ओरडायचा त्याला आधी दिलं आणि जे गप्प बसले ते मागे राहिले. काका गप्प बसले होते. त्यांची नोंद कुठल्याच अहवालात नाही. डिसेंबरपर्यंत त्यांचे सगळे पैसे फिटतील. त्यात मी खंड पडू देणार नाही, तसं तिला सांगितलं.

ती बराच वेळ बोलली नाही. भांडी आवरली, ओटा पुसला. मग वही घेऊन शेजारी येऊन बसली. दिवाळीचा बोनस वीस हजार धरला. जानेवारी ते जून, काकांचे मोकळे झालेले पाच-पाच, म्हणजे तीस. “आणि माझी आवर्ती ठेव फेब्रुवारीत पुरी होते, चाळीस,” ती म्हणाली. ती ठेव तिने शिवणकामातून भरलीय. मला तिचा आकडाही माहीत नव्हता.

नव्वद झाले. एक हजार कमी पडतात.

उद्या पहिली पाळी आहे, म्हणून बँकेत मंगळवारी जाईन. उरलेली रक्कम भरून खातं ‘क्लोज्ड’ करणार, हे आधी त्यांच्याकडून लेखी हवं. अर्जाच्या दोन प्रती काढायच्या आणि एकीवर पोच घ्यायची.