साडेएक का नाही?

लेकीला अपूर्णांक शिकवायला बसले आणि पाच मिनिटांत लक्षात आलं की आपल्याला ते येतात पण सांगता येत नाहीत. तिचं म्हणणं, १/४ हा १/३ पेक्षा मोठा, कारण तीनपेक्षा चार मोठे. म्हटलं बरं, कलिंगड तिघांत वाटलं तर तुला जास्त मिळेल की चौघांत? "तिघांत!" मग वहीत का चुकतेस? तर म्हणे, "ते कलिंगड आहे, हे गणित आहे."

आता काय बोलणार.

म्हटलं आपल्या मराठीत पाव, अर्धा, पाऊण, सव्वा असे तयार शब्द आहेत, त्यातून सोपं जाईल. कसलं सोपं! साडेतीन, साडेचार चालतं तर साडेएक का नाही, दीड कशाला? आणि पावणेदोनमध्ये दोन आहेत मग ते दोनपेक्षा कमी कसं? आई आतून ओरडली, "अगं, पाव उणे दोन!" तिच्या वडिलांना पावकी, निमकी, दिडकी, औटकी असे अपूर्णांकांचे सगळे पाढे पाठ होते, औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. रुपयाचे सोळा आणे आणि मापात शेर, पाव, नवटाक (पावशेराचं निम्मं), म्हणजे दिवसभर निम्म्याचं निम्मंच चाललेलं, पाठ नसून सांगतो कोणाला. १९५७ ला शंभर पैशांचा रुपया आला आणि हे पाढे मागे पडले. साडेतीन मात्र राहिलं बरं का, साडेतीन मुहूर्त, साडेतीन शक्तिपीठं. त्यावर लेकीचा प्रश्न, वणीच्या देवीला अर्धं का धरतात? तो मी आईकडे ढकलला.

मग निम्म्याचं निम्मं करत गेलं तर संपतं कधी, यावर गाडी आली. पोळीची वीतभर, म्हणजे साधारण २० सेंटिमीटरची पट्टी कापली, दरवेळी अर्धी खायची, अर्धी पुन्हा कापायची. सातव्या वेळी तुकडा दीड मिलिमीटरचा, पुढे सुरी चालेना. पुढचं कागदावर. अकराव्या वेळी केसाच्या जाडीएवढा, आणि एकतिसाव्या वेळी थेट अणूएवढा! मला वाटलेलं हजार-दोन हजार वेळा तरी कापावं लागेल, मी दोनदा तपासलं.

लेकीला काही विशेष वाटलं नाही. "एकतीसच? मग पोळी तर पहिल्या सातातच संपली," म्हणाली आणि दुसरी मागितली. साजूक तूप लावून, अख्खी.