बारा व्होल्टचा शॉक

लॅमिंग्टन रोडवरच्या आमच्या दुकानात माल परत येतो त्याचं कारण बहुतेक वेळा ‘चालत नाही’ हेच असतं. हे मॉड्यूल मात्र व्यवस्थित चालत होतं, आणि तरी परत आलं होतं.

डोंबिवलीचा मुलगा, इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. सोबत वडील. पोरगं निक्सी घड्याळ करत होतं, काचेच्या नळीत केशरी आकडे पेटतात ते. रशियन आयएन-12 नळ्या कुठून तरी मिळवलेल्या. त्या पेटायला 170 व्होल्टच्या आसपास लागतात, म्हणून 12 व्होल्टचे 45 ते 390 करणारं बूस्ट मॉड्यूल घेतलं होतं.

“काका, अडॅप्टर काढला होता. एलईडीपण विझला होता. नळीची वायर काढली आणि बोर्ड उचलला, तर हात फेकला गेला.” तर्जनीच्या टोकावर पांढरा ठिपका होता, टाचणीच्या डोक्याएवढा. दुसरा हात तेव्हा हीटसिंकवर, म्हणजे बोर्ड थंड ठेवणाऱ्या धातूच्या पट्टीवर होता म्हणे. म्हणजे करंट छातीतून गेला. हे ऐकल्यावर मी हातातला चहा खाली ठेवला.

वडिलांचं म्हणणं, पीस डिफेक्टिव्ह आहे. “बारा व्होल्टचा शॉक बसतो का हो? आणि आमच्याकडे ईएलसीबी आहे, शॉक बसला की लाइन तोडणारा स्विच, तोसुद्धा पडला नाही.”

तो पडणार नव्हताच. मेन लाइनमधून करंट जमिनीकडे गळला तर ईएलसीबीला कळतं. इथे अडॅप्टर सॉकेटमधून निघालेला; शॉक दिला तो कपॅसिटरमध्ये साठलेल्या चार्जने. मी बोर्ड उलटा केला. आउटपुटला 450 व्होल्टचा, 100 मायक्रोफॅरडचा जादा कपॅसिटर लावलेला. आकडे लुकलुकू नयेत म्हणून जुन्या एसएमपीएस पॉवर सप्लायमधून काढून लावला, म्हणाला. आणि आउटपुट व्होल्टेज कमी-जास्त करायचा निळा स्क्रू, म्हणजे प्रीसेट, पार वर फिरवलेला.

सांगून पटणार नव्हतं. मीटर हजार व्होल्ट डीसीच्या रेंजवर ठेवला, क्लिपा आधी लावल्या, मग सप्लाय दिला. 385. सप्लाय काढला, एलईडी लगेच विझला. मीटरवर मात्र आकडा सावकाश उतरत होता. मिनिटभराने पाहिलं तर दोनशेच्या वर! मग होल्डरला वायरी जोडलेला 15 वॅटचा बल्ब टेकवला. भक्कन पेटला आणि गेला. दोघांपैकी कोणी काही बोललं नाही.

या मॉड्यूलवरचा एलईडी इनपुटला असतो, तो आउटपुटबद्दल काहीच सांगत नाही. कॉइलकडून आलेला चार्ज डायोड कपॅसिटरकडे जाऊ देतो, मागे फिरू देत नाही. मग तो जाणार कुठून? आउटपुट व्होल्टेज मोजणाऱ्या फीडबॅकच्या मोठ्या रेझिस्टरमधून, थेंब थेंब. साठलेला चार्ज आपोआप रिकामा करणारा चार रुपयांचा ब्लीडर रेझिस्टर बनवणाऱ्याने टाकला असता तर हा प्रकार झालाच नसता. बनवणाऱ्यांचा हा कंजूषपणा मला कायम खटकतो.

वडिलांनी विचारलं, स्क्रूड्रायव्हर टेकवून शॉर्ट केला तर? आमच्या लायनीत जुने लोक करायचे तसं. ठिणगी उडते, ट्रॅक जळतो, कपॅसिटरही दुखावतो. दहा किलोओहम पाच वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपांना लावून ठेवायचा, त्याने डिस्चार्ज करायचं आणि मीटरवर खात्री करायची. काही कपॅसिटर रिकामे केल्यावरही थोडा व्होल्टेज परत धरतात, म्हणून हात घालण्याआधी पुन्हा एकदा बघायचं.

जादा कपॅसिटर मी काढून टाकला. आउटपुटला एक वॅटचे दोन 100 किलोओहम सिरीजमध्ये कायमचे लावले. दोन अशासाठी, की व्होल्टेज दोघांत वाटला जातो. आउटपुटला व्होल्टेज आहे हे दिसावं म्हणून टेस्टरमध्ये असतो तसला निऑन दिवा, रेझिस्टरसकट, आउटपुटवरच. इनपुटला एक अँपिअरचा फ्यूज. प्रीसेट मीटर बघत खाली आणून 170 वर सेट केला. वर प्लास्टिकचा डबा. जुलै चालू होता, लोकलमधून घामेजून आलेल्या ओल्या हातांनी तर असल्या बोर्डाच्या वाटेला जाऊच नये. चालू बोर्डावर मोजायची वेळ आलीच तर एक हात खिशात, हे त्याच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं.

मार्करने डब्यावर ‘बंद केल्यावरही हात लावू नये’ लिहिलं. पोरगं म्हणालं, इंग्लिशमध्ये लिहा ना काका, प्रोजेक्टला बरं दिसेल.

“मराठीतच राहू दे,” वडील म्हणाले. “घरात धूळ आजी पुसते.”