जुन्या गाडीचं वायरिंग: बीप वाजली म्हणून वायर धड नसते

गाडी वीस वर्षांच्या पुढची. इंजिन ठणठणीत, पत्रा बरा, पण विजेच्या तक्रारी एकामागून एक सुरू झाल्या होत्या. हेडलाइट पिवळट पडले. इंडिकेटर लावला की डॅशबोर्डवरचे काटे त्याच्याच तालावर थरथरायचे. पार्किंग लाइटचा फ्यूज खड्ड्यातून गेल्यावर किंवा डिकी आपटून लावल्यावर उडायचा. ‘बॅटरी बदला’ आणि ‘सगळं वायरिंगच नवीन टाका’ हे दोन सल्ले सगळीकडून मिळाले. मला दोन्ही पटत नव्हते. काहीही बदलण्याआधी बिघाड नेमका कुठे आहे ते बघायचं ठरवलं.

बॅटरीची शंका लवकर मिटली. रात्रभर उभ्या गाडीत 12.6 व्होल्ट आणि इंजिन चालू केल्यावर 14.2. म्हणजे बॅटरी भरलेली आणि अल्टरनेटर आपलं काम करतोय. मग त्याच मॉडेलची वायरिंगची आकृती मिळवली आणि हेडलाइट आणि पार्किंगच्या वायरी रंगीत पेनांनी गिरवून घेतल्या. या कामात घालवलेली संध्याकाळ पुढे फार उपयोगी पडली. कुठली वायर कुठल्या कपलरमधून (वायरी जोडणाऱ्या प्लगमधून) जाते आणि अर्थ, म्हणजे बॉडीमार्गे बॅटरीच्या मायनसकडे परतणारी वायर, नेमका कुठल्या बोल्टवर बसतो हे माहीत नसेल, तर उगाच टेप सोलत बसावं लागतं.

हेडलाइटच्या वायरी मल्टिमीटरच्या बीपवर, म्हणजे वायर सलग असली की वाजणाऱ्या रेंजवर, तपासल्या तर सगळ्या बीप देत होत्या. इथेच बरेच जण फसतात. बीप म्हणजे वायर कुठेतरी जोडलेली आहे, एवढंच. दोरीचा एकच पेड शाबूत असला तरी ती हाताला सलगच लागते; भरली बादली बांधल्यावर कळतं. वायरीचं तसंच आहे. मीटर नखभर करंट सोडून बघतो, पण 55 वॅटचा बल्ब साडेचार अँपिअरच्या आसपास ओढतो.

म्हणून दिवे लावून, इंजिन चालू ठेवून मोजलं. बॅटरीवर 14.0 व्होल्ट आणि बल्बच्या दोन टोकांमध्ये फक्त 10.9. वाटेत 3.1 व्होल्ट गायब. आता एक प्रोब बॅटरीच्या प्लसवर आणि दुसरा बल्बच्या प्लसवर ठेवला, तर 0.9. तसंच मायनसकडे, बल्बच्या अर्थपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत, तब्बल 2.2! बेरीज बरोबर 3.1. अर्थच्या वाटेत एक-दोन दशांशाच्या वर व्होल्टेज पडता कामा नये. हॅलोजन बल्बचं व्होल्टेज 10 टक्के घटलं की उजेड 30 टक्क्यांच्या आसपास घटतो, त्यामुळे इतकी घट म्हणजे रस्ता दिसणंच मुश्कील.

2.2 व्होल्ट पडायला अडथळा किती लागतो? दोन्ही बल्बचा मिळून 9 अँपिअर धरला, तर जेमतेम पाव ओहम. साध्या मीटरच्या स्वतःच्या वायरींचा रोधही साधारण एवढाच असतो, मग ओहमच्या रेंजवर हा दोष दिसणार कसा? तो चालत्या सर्किटमध्ये व्होल्टेज मोजूनच सापडतो. एवढी एक तपासणी आली, तर जुन्या गाडीचे अर्धे गूढ आजार उलगडतात असं माझं ठाम मत आहे.

अर्थचा बोल्ट बॅटरीच्या ट्रेखाली निघाला. लगच्या (वायरीच्या टोकाला बसवलेल्या धातूच्या कडीच्या) खाली रंग, गंज आणि पांढरी पूड. बॅटरीचा मायनस आधी सुटा केला (आधी प्लस सोडायला गेलं आणि पाना बॉडीला लागला तर थेट शॉर्ट होतो). पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासला. लग कापल्यावर आतलं तांबं काळंठिक्कर, त्यावर कळंक चढलेला, आणि तो इन्शुलेशनच्या आत सरकत गेलेला. लालसर चमकतं तांबं लागेपर्यंत वायर मागे कापत गेलो. नवीन लग क्रिंप केला (पकडीने दाबून बसवला), दात्यांचा वॉशर टाकून बोल्ट आवळला आणि वरून पेट्रोलियम जेलीचा थर दिला. पुन्हा मोजलं: 0.08. काट्यांची थरथरही गेली, कारण डॅशबोर्डचा अर्थ त्याच बोल्टवर होता. प्लसकडचे 0.9 व्होल्ट जुन्या स्विचमध्ये जात होते. तिथे रिले (लहान करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) बसवला, बॅटरीपासून 2.5 चौरस मिलिमीटरची वायर आणली आणि बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज घातला. जुन्या स्विचवर आता रिले ओढण्यापुरताच करंट येतो.

फ्यूजचं दुखणं जास्त चिवट होतं. दर वेळी नवा फ्यूज जाळत बसण्यापेक्षा फ्यूजच्या जागी होल्डरसकट 21 वॅटचा बल्ब लावला. पार्किंगचे सगळे बल्ब काढून स्विच चालू केला. आता हा बल्ब पेटायचं काहीच कारण नाही. पेटला तर कुठेतरी प्लस बॉडीला टेकतोय. मग इंजिनकडून मागे येत हार्नेस (वायरींचा जुडगा) जागोजाग हलवत गेलो. बराच वेळ काही नाही. डिकीच्या बिजागरीजवळचं रबरी नळकांडं वाकवलं आणि बल्ब भक्कन पेटला.

नळकांडं सरकवलं तर आतल्या वायरींचं इन्शुलेशन कडक होऊन तडकलेलं. पार्किंगची वायर उघडी पडून पत्र्याला घासत होती, नंबरप्लेटच्या दिव्याची पूर्ण तुटलेली, आणि ब्रेक लाइटची चार-पाच तारांवर लटकलेली. ही शेवटची वायरही बीप देत होती!

जोड देताना एकच गोष्ट कटाक्षाने पाळली: वाकणाऱ्या भागात एकही जोड नको. नळकांड्यातून जाणारा सगळा तुकडा नव्या, लवचीक वायरीचा टाकला, जाडी मूळ वायरीइतकीच, आणि जोड एकीकडे बॉडीत तर दुसरीकडे डिकीच्या झाकणाच्या आत घेतले. जोड एकाच ठिकाणी न घेता मागेपुढे ठेवले, म्हणजे जुडगा जाड होत नाही. एका वेळी एकच वायर कापायची आणि ती जोडूनच पुढची घ्यायची, मग रंगांचा घोळ होत नाही. सोल्डर मी टाळलं. ते तारांमध्ये शोषलं जाऊन वायर कडक होते आणि हादऱ्यांनी कडेलाच तुटते. चांगल्या क्रिंपरने दाबलेला जोड आणि त्यावर आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह (तापवल्यावर आवळून बसणारी नळी), हेच मला भरवशाचं वाटतं. वरून कापडी टेप, कारण पीव्हीसी टेप उन्हाने चिकट होऊन सुटतो.

पिवळ्या वेष्टनातल्या वायरी मात्र दिसल्या तिथेच सोडल्या. त्या बहुधा एअरबॅगच्या असतात आणि तिथे मीटरसुद्धा लावू नये. आणि फ्यूज उडतो म्हणून मोठ्या अँपिअरचा घालायचा, हा उपाय कुणी सुचवला तरी करू नका. फ्यूज वायरीला वाचवण्यासाठी असतो. 10 च्या जागी 20 घातला, तर फ्यूजच्या आधी वायर तापून जळेल.

शेवटी सगळं बंद करून, कुलूप लावून, बॅटरीच्या मायनसमध्ये मीटर घालून उभ्या गाडीचा करंट बघितला. थोड्या वेळात तो 30 मिलिअँपिअरवर स्थिरावला. पन्नासच्या आत असला की मी निश्चिंत असतो. आता चालकाच्या दारातलं रबरी नळकांडं उघडून बघायचं आहे. ते दार डिकीपेक्षा कितीतरी जास्त वेळा उघडतं, आणि काच वर जाताना हल्ली रेंगाळते आहे.